उमरेडकरबाईंची बे

"कोणत्या बेमध्ये बसतो बे तू?"

बंगळूरमधल्या माझ्या नोकरीच्या पहिल्या संध्याकाळी मला हा प्रश्न विचारला गेला. पुण्याहून नुकताच आलो होतो. व्हाइटफील्डच्या एका टेक पार्कच्या दारात, पाठीवर बॅग अडकवून, घरी जायची कॅब शोधत उभा होतो. समोर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. सुती साडी, पायात पुरुषी चामड्याच्या चपला, गळ्यात ओळखपत्र आणि त्याच दोरीला अडकवलेली शिट्टी. मी कन्नड येत नाही असं इंग्रजीत सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून त्यांनी सरळ मराठीत विचारलं.

मराठी ऐकून बरं वाटलं, पण त्या वाक्यातला एकही 'बे' मला कळला नव्हता. पहिल्याचा उलगडा त्यांनीच केला. आमच्या मजल्यावर काचेच्या बुटक्या भिंतींनी टेबलांचे कप्पे पाडले होते, त्यातल्या प्रत्येक कप्प्याला बे म्हणायचे. ज्याची बे ज्या बाजूला, त्याची कॅब त्या दाराला. दुसऱ्या 'बे'चा उलगडा करायची त्यांना गरज वाटली नाही. तो नागपूरचा होता. त्या जिथं जातील तिथं तो त्यांच्यासोबत जायचा.

रजनी उमरेडकर आमच्या कंपनीच्या कॅबांची सगळी व्यवस्था पाहायच्या. ड्रायव्हर त्यांना 'अक्का' म्हणत, आम्ही 'ताई'. इमारतीच्या समोर छपराखाली गाड्या लागायची जी लांबट जागा होती, तिच्यावर पिवळ्या रंगानं 'पिक-अप बे' असं लिहिलेलं होतं. ही त्यांची बे. त्यांना आत टेबल-खुर्ची दिलेली होती, पण त्या खुर्चीवर त्यांची छत्री बसायची. बाई स्वतः संध्याकाळभर उभ्या. कुठली गाडी बनशंकरीला जाणार, कुठली चामराजपेटला, कोण आज लवकर निघालं, कोणाला मळमळतं म्हणून पुढच्या सीटवर बसवायचं, हे सगळं त्यांच्या तोंडात असायचं. "ए मंजुनाथ, स्वल्प मागे घे बे," असं कन्नड-मराठी एकत्र फेकलं की मंजुनाथची गाडी मागे जायची. बायकांना त्या 'बे' म्हणत नसत. बायकांसाठी त्यांच्याकडे 'वं' होता. "चल वं, बस पटकन, पदर सांभाळ."

त्यांचा एकच नियम होता. शेवटची मुलगी गाडीत बसून दार लागल्याशिवाय कुठलीच गाडी हलायची नाही. एकदा एक ड्रायव्हर घाईत निघाला, तर त्या गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीतून त्याच्याकडं पाहत पुटपुटू लागल्या, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..." मी शेजारीच होतो. हे काय चाललंय ते मला समजेना. नंतर त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील उमरेडजवळच्या शाळेत मास्तर होते, आणि घरात कुणाला राग आला की बेचा पाढा म्हणायला लावायचे. "पाढा संपेपर्यंत राग गेला तर खोटा होता," त्या म्हणाल्या. "नाही गेला तर बोलायचं. मग मागे नाही सरकायचं."

मी विचारलं, "आत्ता गेला का?"

"गेला. पोरगा घाबरला होता."

स्वतःबद्दल त्या फार बोलत नसत. नवऱ्याची बदली झाली म्हणून या गावात आल्या. तो परत गेला, त्या राहिल्या. एवढंच. डब्यात भिवापूरच्या मिरचीचा ठेचा असायचा. तो चाखून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मला त्या पुणेकर म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण पुणेकर म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी मजा दिसायची ती माझ्या नावात नव्हती.

त्यांच्या 'बे'वरून मोठा तमाशा झाला तो मेहरासाहेब आल्यावर. मेहरा आमचे नवे ऑपरेशन्स प्रमुख, दिल्लीकडचे. एका संध्याकाळी मुली गाड्यांत चढत असताना त्यांनी आपली गाडी सरळ बेमध्ये घातली. बाहेर ट्रॅफिक तुंबला होता, त्यांना उशीर होत होता, म्हणून मधून निघून जायचं होतं. ताईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थांब बे."

गाडी थांबली. मेहरा उतरले. त्यांच्या मुलखात 'अबे' कोणाला म्हणतात आणि कोण म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी एचआरकडे तक्रार गेली, आणि मराठी समजतं म्हणून मलाही त्या खोलीत बोलावलं गेलं. दारावरची सिक्युरिटी गार्ड गंगव्वा ही धारवाडकडची, तीही साक्षीदार म्हणून आली होती. युनिफॉर्मची टोपी मांडीवर ठेवून ती भिंतीशी बसली होती.

एचआरच्या बाईंनी मला विचारलं, "हा शब्द अपमानाचा आहे का?"

मी म्हणालो, "नागपूरकडे दोस्तीत वापरतात. आमच्या पुण्यात..."

"याला काहून विचारता?" ताई मध्येच म्हणाल्या. "पुण्याचा आहे हा. यांच्याकडं कुणाला नुसतं 'तू' म्हटलं तरी माणूस आठवडाभर झोपत नाही."

मेहरा हिंदीत म्हणाले, की त्यांच्या घरी नोकरालासुद्धा असं बोलत नाहीत.

ताईंनी त्यांच्याकडं वळून शांतपणे हिंदीत सांगितलं, "साहेब, तुमचा अपमान करायचा असता तर मी तुम्हाला 'अहो' म्हटलं असतं. आमच्या घरी ज्याच्याशी नातं ठेवायचं नसतं त्याला 'अहो' म्हणतात. मी माझ्या भावाला बे म्हणते. मंजुनाथला म्हणते. या पुणेकराला म्हणते. तुम्हाला म्हटलं म्हणजे आपलं समजून म्हटलं."

"पण तुम्ही माझी गाडी अडवली."

"ती तर अडवलीच. ती पुन्हा आली तर पुन्हा अडवीन."

एचआरच्या बाई म्हणाल्या, "रजनीजी, शब्दाबद्दल सॉरी म्हणा, विषय संपवू."

ताईंचे ओठ हलू लागले. पाढा चालू झालाय हे खोलीत फक्त मला कळलं. तो पूर्ण झाल्यावर त्या म्हणाल्या, "कोणाला दुखावलं असेल तर त्याचं वाईट वाटते मला. पण शब्दाबद्दल सॉरी म्हणणार नाही. शब्द माझ्या गावचा आहे. त्यानं काही गुन्हा केला नाही."

तेवढ्यात गंगव्वा उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. एव्हाना मलाही समजू लागलेल्या कन्नडमध्ये ती म्हणाली, "आमच्या गावात आईला बे म्हणतात. 'यव्वा, बा बे' म्हणजे आई, ये गं. मी रोज फोनवर माझ्या आईला बे म्हणते. मग मी काय आईला शिवी देते?"

एचआरच्या बाई मैसूरच्या, पण त्यांची आजी हुबळीची. त्यांना हसू आवरेना, आणि ते हसू दिसू नये म्हणून त्या पाणी प्यायल्या. मेहरांना कोणीतरी गंगव्वाचं बोलणं हिंदीत समजावून सांगितलं. शेवटी ताईंना तोंडी ताकीद मिळाली, की वरिष्ठांशी बोलताना हा शब्द वापरायचा नाही.

त्यांनी ती ताकीद तंतोतंत पाळली. दुसऱ्या दिवसापासून मेहरा दिसले की त्या हात जोडून म्हणत, "अहो मेहरासाहेब, नमस्कार." ड्रायव्हर मान खाली घालून हसत. त्या 'अहो'चा अर्थ आता सगळ्या इमारतीला माहीत होता, मेहरांनाही.

मग ते वर्ष सरता सरता पार्कच्या मालकांनी ठरवलं, की समोरची पिक-अप बे पाहुण्यांच्या गाड्यांना आणि विजेच्या गाड्या चार्ज करायला द्यायची. कॅबांनी गेटाबाहेरच्या सर्व्हिस रोडवर थांबायचं. आमच्या कंपनीनं मान्यता दिली. त्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. होती ती गटारावरची फरशी, आणि त्यातल्याही काही फरश्या नव्हत्या. ताई वर जाऊन मेहरांना भेटल्या, पार्कच्या ऑफिसात गेल्या, एचआरकडं गेल्या. सगळीकडं त्यांना चहा मिळाला.

नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, आणि बंगळूरवर सलग पाऊस लागला. ऑफिसात सगळे "बे ऑफ बेंगॉल, बे ऑफ बेंगॉल" करत खिडक्यांतून आभाळाकडं पाहत होते. बाहेर सर्व्हिस रोडवर गुडघाभर पाणी. त्या पाण्यातून कॅबपर्यंत जाताना आमच्या सपोर्ट टीममधली दीपा, बेळगावकडून नुकतीच आलेली मुलगी, फरशी नसलेल्या जागी पाय टाकून गटारात गेली. ताईंनी आणि मंजुनाथनं तिला वर ओढली. घोटा मोडला होता. पार्कच्या आत सिक बे होती, पलंग, नर्स, सगळं. गेटवरच्या सुपरवायझरनं सांगितलं की अपघात बाहेर झालाय, सिक बे आतल्यांसाठी आहे, सरळ हॉस्पिटलला न्या. ताईंनी त्याचं बोलणं ऐकून घेतलंच नाही. मंजुनाथच्या पाठीवर दीपाला बसवून, चिखलाच्या पायांनी, चकचकीत लॉबीतून त्या सिक बेपर्यंत चालत गेल्या. नर्सनं काही न विचारता दार उघडलं, पाय बांधून दिला, आणि मगच गाडी हॉस्पिटलकडं निघाली. जाताना दीपा रडत म्हणाली, "ताई, आईला सांगू नका." ताई म्हणाल्या, "तुझ्या आईला मीच सांगते वं. तू झोप."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्ककडून सगळ्यांना मेल आला. घटना आवाराबाहेर घडलेली आहे, कर्मचाऱ्यांनी पावसाळी दिवसांत काळजी घ्यावी, असा. मी खाली गेलो तेव्हा ताईंना कोणीतरी तो वाचून दाखवला होता. त्या गेटजवळ उभ्या होत्या. मी विचारलं, "ताई, आता काय बेत?"

"बेतच जाते मी," त्या म्हणाल्या. "तोच बेत."

संध्याकाळी पाऊस पडतच होता. बेच्या तोंडाशी पार्कच्या लोकांनी हातानं उचलायचा लोखंडी पाइपाचा अडसर बसवला होता. गंगव्वाची ड्युटी तिथंच होती. कॅबा बाहेर रांगेत उभ्या होत्या. ताई छत्री न घेता तिथं गेल्या. गंगव्वानं पाइपाकडं हात नेला, तर ताईंनी तो धरला.

"तू हात लावू नको वं. तुझी नोकरी जाईल. तुझ्या घरी खाणारी तोंडं आहेत."

"तुमची नाही जाणार?"

"जाईल. पण माझ्या घरी मीच आहे."

त्यांनी पाइप उचलला आणि खांद्यावर घेतला. मग शिट्टी वाजवली. मंजुनाथची गाडी पहिली आत आली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. एवढीशी बाई, खांद्यावर लोखंडी पाइप, केसांतून पाणी निथळतंय, आणि तिच्या शेजारून एकेक गाडी छपराखाली येऊन लागतेय. मुली लॉबीतून आल्या, कोरड्या पायांनी गाड्यांत बसल्या. दारं लागली. गाड्या निघाल्या.

मेहरा खाली आले, सोबत पार्कचा मॅनेजर. मॅनेजर ओरडत होता, मेहरा ओरडत नव्हते. ते म्हणाले, "रजनीजी, हे तुम्हाला करता येणार नाही."

"अहो साहेब, करून राहिली ना. बाजूला व्हा, गाडी येऊन राहिली."

"उद्या तुम्हाला इथं कोणी ठेवणार नाही. मी ठेवायचं म्हटलं तरी."

"उद्याचं उद्या. आज या पोरी कोरड्या घरी जाणार."

मॅनेजरनं गंगव्वाला सांगितलं, यांना हटव. गंगव्वा म्हणाली, "बाईमाणसाला मी हात लावणार नाही. पुरुष गार्ड लावणार असाल तर लावून बघा." पुरुष गार्ड दोघे होते. ते दोघंही पावसाकडं पाहत राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी ताई पुन्हा आल्या. त्या दिवशी गंगव्वा अडसर वर करून, दोरीनं तसाच बांधून ठेवून, चहा प्यायला निघून गेली होती. त्यापुढच्या संध्याकाळी आम्ही आमच्या बेंमधून उठून खाली गेलो. फार कोणी नाही. आमच्या मजल्यावरचे काही, सपोर्टचे बरेचसे, शेजारच्या कंपनीतले दोनचार. आम्ही काही घोषणा दिल्या नाहीत. गाड्यांच्या दोन्ही बाजूंना नुसते उभे राहिलो. माझा बूट ओला झाला याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, एवढाच माझा त्यात वाटा. कोणीतरी पाइप उचललेल्या ताईंचा फोटो सगळीकडं पाठवला. पार्कमधल्या मोठ्या कंपन्यांकडून मालकांना फोन जाऊ लागले.

निकाल लागला तो असा. छपराखालची निम्मी जागा कॅबांना परत मिळाली. विजेच्या गाड्या मागच्या बाजूला गेल्या. नवा पिवळा रंग मारला, आणि संध्याकाळी तिथं दुसऱ्या गाड्यांना बंदी झाली. सर्व्हिस रोडवर फरश्याही बसल्या. आणि ताई, ज्या मुळात कंपनीच्या नव्हत्या, एका वाहतूक एजन्सीमार्फत आलेल्या होत्या, त्यांना एजन्सीनं कळवलं की पुढल्या महिन्यापासून काम नाही.

एचआरला वाटलं, पँट्रीत केक कापावा. ताई म्हणाल्या, कापायचा तर खाली कापा, वर मी कधी नव्हते. मग बेमध्ये, एका गाडीच्या बॉनेटवर पुठ्ठा ठेवून केक कापला. दीपा कुबडी घेऊन आली होती. तिचे आईवडील बेळगावहून आले होते, आणि तिची आई ताईंचा हात सोडत नव्हती. मी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. काहून नाही वाटणार? इतकी वर्षं उभी होती इथं." मग छपराकडं पाहून म्हणाल्या, "पण जागा गेली का? नाही गेली. मी गेली तर काय, मी माणूस आहे, दुसरीकडं उभी राहीन. जागेला दुसरीकडं जाता येत नाही."

मेहरा शेवटी आले. गर्दी जरा मागं सरली. माफी मागायला आलेत, की निरोप द्यायला, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं असं दिसलं. शेवटी हिंदीत एवढंच म्हणाले, "तुम्ही इतक्या भिजलात त्या दिवशी."

ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले नाहीत. पाढा नव्हता.

"वाळली बे मी केव्हाच," त्या म्हणाल्या.

मंजुनाथनं टाळी वाजवली, मग स्वतःच लाजला. मेहरांनी केकचा तुकडा घेतला. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट दिसलं नाही, पण ते लगेच वर गेले नाहीत. शेवटची गाडी निघेपर्यंत ते आमच्यात उभे राहिले.

त्यानंतर ताईंचा फोन अधूनमधून यायचा, मग येईनासा झाला. मीही दुसऱ्या कंपनीत गेलो. वर्षभरानंतर एका रविवारी संध्याकाळी बनशंकरीला एका मित्राकडं निघालो होतो. बसमध्ये खिडकीपाशी बसलो होतो. एका स्टॉपच्या अलीकडं बस कचकन थांबली, रस्त्याच्या मधोमध. ड्रायव्हर कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होता, पुढचे प्रवासी उठून पाहत होते. बससाठी रस्त्याच्या कडेला खाच काढून बस बे केलेली होती, रिकामी, स्वच्छ. पण शहरातल्या बस तिच्यात जात नाहीत, रस्त्यातच थांबतात, आणि म्हातारी माणसं धावत्या स्कूटरींमधून वाट काढत चढतात. आमच्या बसपुढं एक बाई उभी होती आणि ड्रायव्हरला हातानं डावीकडं दाखवत होती. बस मागं आली, वळली, खाचेत जाऊन फूटपाथला लागली. एक आजोबा सावकाश चढले. मग पिशव्या घेतलेल्या दोघी. त्यांच्या मागून पाठीला हात देणारी ती बाई खिडकीपाशी आली, आणि मी ओरडलो, "ताई."

त्यांनी वर पाहिलं. केस आणखी पांढरे झाले होते. चपला त्याच जातीच्या.

"पुणेकर! जाड झाला."

"या ना वर. कुठं निघालात?"

"कुठं नाही. इथंच राहते, मागच्या गल्लीत. आमच्या शेजारची म्हातारी इथं उतरताना पडली. म्हणून संध्याकाळी येऊन उभी राहते थोडा वेळ."

"रोज?"

"मग काय, बस रविवारची येत नाही का?"

"कोणी सांगितलंय तुम्हाला हे?"

"सांगायला कोण पाहिजे?"

कंडक्टरनं शिट्टी दिली. बस निघाली तेव्हा त्या काहीतरी बोलत होत्या, बहुधा घरी ये म्हणत होत्या. मला ऐकू आलं नाही. मी मान बाहेर काढून मागं पाहिलं. आमच्यामागून आलेली दुसरी बस रस्त्याच्या मधेच वेग कमी करत होती. ताईंनी पदर कमरेला खोचला, तळहात वर केला, आणि फूटपाथवरून खाली रस्त्यात पाऊल टाकलं.